उजेडाचं कपाट

कपाटाचं दार बंद झालं, वरचा पंखा घरघरू लागला आणि प्रमिलाने सवयीने डोळ्यांवरचा काळा चष्मा घट्ट दाबला. आता चारी बाजूंच्या उभ्या नळ्या उजळणार, अंगाला सकाळच्या उन्हासारखी ऊब लागणार आणि दोन मिनिटं दहा सेकंदांनी शिट्टी वाजणार. चौदा वर्षांत हे इतक्या वेळा झालं होतं की शिट्टी वाजायच्या आतच तिचा एक पाय दाराकडे वळलेला असायचा.

आज ऊब आलीच नाही.

"शबाना, अगं वीज गेली का?"

"वीज आहे, मावशी." बाहेरून शबाना बागवानचा आवाज आला. त्वचारोग केंद्रातली उजेडाची खोली तीच सांभाळायची. "तुम्ही गाऊन घाला आणि बाहेर या."

दारावरच्या पडद्यावर लाल चौकटीत आकडा होता : चौसष्ट. त्याखाली दोन ओळी. 'कमाल मर्यादा साठ. उपचार कायमस्वरूपी बंद.'

"कायमस्वरूपी म्हणजे? सोमवारी चालू होईल ना?"

शबाना पडद्याकडेच बघत राहिली. "डॉक्टरांशी बोला, मावशी. माझ्या हातात काही राहिलेलं नाही. मी बटण दाबलं तरी नळ्या लागत नाहीत."

प्रमिला तांबट बाळंतिणींना मालिश करायची. दोन हजार एकोणचाळीस साल चालू होतं. बाळ का रडतंय ते सांगणारे पाळणे निघाले होते, कंबर रगडणाऱ्या खुर्च्या निघाल्या होत्या. पण नाशिकमधल्या आया त्या खुर्च्यांवर लंगोट वाळत घालायच्या आणि सव्वा महिना माणसाच्याच हातांची वाट बघायच्या. पंचवटीपासून गंगापूर रोडपर्यंत 'मालिशवाल्या मावशी' म्हटलं की प्रमिलाच. बारा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा याच हातांनी तिने लेकीचं शिक्षण केलं, लग्न करून दिलं.

आणि याच बाईला पंचविसाव्या वर्षापासून सोरायसिस होता. चारचौघांची कातडी महिन्याभरात नवी होते, तिची चार-पाच दिवसांत. अंगातलेच पहारेकरी नसलेल्या शत्रूवर धावून जायचे आणि कातडीला घाई करायचे. नव्या पेशी कच्च्याच वर ढकलल्या जायच्या, त्यांचे थर साचायचे, पांढरे खवले सुटायचे. कोपर, गुडघे, नडग्या. थंडी कोरडी पडली की तळहातसुद्धा भेगाळून रक्त यायचं. आजार लागट मुळीच नाही. पण नातवाला मालिशवालीच्या मांडीवर देणाऱ्या आजीला हे कोण पटवून देणार? गोळ्या घेतल्या तर प्रमिलाचं यकृत सुजलं, इंजेक्शनं घेतली तर लहानपणचा क्षय पुन्हा जागा झाला. उरला उजेड. तो आठवड्यातून तीनदा मिळाला की तिचे हात बाळाच्या गालाइतके मऊ असायचे.

डॉक्टर मेढेकर पन्नाशीचे, पाठीला किंचित बाक आलेले. त्यांनी प्रमिलाला समोर बसवलं आणि कागदावर शिडीसारखं काहीतरी काढलं.

"ही तुमच्या पेशीतली गुणसूत्राची शिडी समजा. आपण कपाटात देतो ते अतिनील किरण. त्यांतला अगदी चिंचोळा पट्टा वापरतो, कातडीतल्या चवताळलेल्या पहारेकऱ्यांना शांत करण्यापुरता. पण तेच किरण या शिडीवर पडले की कधी कधी शेजारच्या दोन पायऱ्या एकमेकींना चिकटतात. पेशी लगेच दुरुस्ती करते. हजारात एखादी दुरुस्ती चुकते. चुकलेली पेशी मरत नाही, वाढते, तिच्यासारख्याच पेशींचं एक कूळ तयार होतं. उन्हात वावरलेल्या प्रत्येकाच्या अंगावर पन्नाशीत अशी शेकडो कुळं असतात. तुमच्या, माझ्या. बहुतेक सगळी आयुष्यभर गप्प बसतात. एखादंच पुढे कर्करोगाच्या वाटेला जातं."

"आणि आम्ही हातावर लावतो ती चिकटपट्टी ही कुळं मोजते."

"हो. पट्टीला चिकटून आलेल्या पेशी यंत्र वाचतं आणि तेवढ्याशा जागेतली कुळं मोजतं. पाच वर्षांपूर्वी यासाठी कातडीचा तुकडा काढावा लागायचा. शोध मोठाच आहे, प्रमिलाबाई."

तिकिटाएवढी ही पट्टी दर महिन्याला आंघोळीनंतर चार तास हातावर लावून ठेवायची आणि केंद्रात आणून द्यायची. गेल्या वर्षीपासून नियामक मंडळाने देशातलं प्रत्येक कपाट या पट्टीच्या आकड्याला जोडलं होतं. साठच्या वर आकडा गेला की कपाट आपोआप बंद.

"मग साठच का? पंचाहत्तर का नाही?"

मेढेकरांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांना आवडला नाही, की फार आवडला, ते प्रमिलाला कळेना.

"कारण अभ्यास झाला तो थंड देशांतल्या गोऱ्यापान लोकांवर. त्यांच्यात साठनंतर धोका चढतो. आपल्या सावळ्या कातडीत प्रत्येक पेशीच्या केंद्रावर रंगाचं इरलं असतं. आपल्याकडे चौसष्टचा अर्थ तोच असेल असं मला वाटत नाही."

"मग तसं त्यांना सांगा की."

"सांगितलं. ते म्हणतात पुरावा द्या. पुरावा द्यायचा तर आपल्या हजारो लोकांची वर्षानुवर्षांची मोजणी हवी, ती कोणी केलेली नाही. आणि खरं सांगू? मी चुकतही असेन. विशीत तुम्ही दोन वर्षं कातडी उजेडाला हळवी करणारी गोळी घेऊन उजेडात उभ्या राहायचात. ती जुनी पद्धत जास्त घातक होती."

"म्हणजे तुम्हालाही माहीत नाही, त्यांनाही माहीत नाही. मग कुलूप कोणी लावलं?"

डॉक्टरांनी मंडळाच्या संकेतस्थळाचं नाव चिठ्ठीवर लिहून तिच्यापुढे सरकवलं.

प्रमिलाने सवलतीसाठी अर्ज भरला. शबानाने तिला आपल्याच टेबलाशी बसवून संकेतस्थळ उघडून दिलं. त्यावर सहा हातांची चित्रं होती, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. आपल्या कातडीच्या रंगाशी जुळणारं चित्र निवडायचं होतं. प्रमिलाने पाचवं निवडलं. क्षणात उत्तर आलं : 'या प्रकारासाठी माहिती अपुरी असल्याने सर्वसाधारण मर्यादा लागू राहील.'

"आणि सर्वसाधारण म्हणजे कोणती?"

शबानाने पडद्यावरच्या पहिल्या चित्राकडे बोट दाखवलं. गोरापान, निळ्या शिरा दिसणारा हात.

मदत क्रमांकावर तीन दिवसांत अकरा वेळा फोन केला. दर वेळी गोड आवाजात तेच : आपली सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य. अकराव्या वेळी प्रमिला ओरडली, "अहो, मला सुरक्षित ठेवून घरी बसवलंत तर खाऊ काय?" त्या आवाजाने तिचे आभार मानले.

पंधरा दिवसांत कोपर लाल झाले. महिन्याने तळहात फुटले. गंगापूर रोडवरच्या एका घरी ती बाळाला तेल लावत असताना बाळाच्या पोटावर रक्ताचा बारीक ठिपका उमटला. तिच्या भेगेचा. बाळाची आई झोपली होती, पण आजीचं लक्ष होतं. आजीने काही न बोलता बाळ उचललं, गरम पाण्याने दोनदा पुसलं, मग दारापर्यंत आली. "मावशी, राग मानू नका. उद्यापासून आम्ही बघतो आमचं." पाच दिवसांत ही बातमी दुसऱ्या दोन घरी पोचली.

त्यात सायली आली. प्रमिलाची एकुलती एक लेक, पुण्याला एका बियाण्यांच्या प्रयोगशाळेत कामाला. सातवा महिना, पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. रिक्षातून उतरताच तिने आईचे हात हातात घेतले आणि तिचा चेहरा बदलला.

"आई, हे काय करून घेतलंस?"

"मी केलं होय? कपाट बंद केलंय मेल्यांनी."

दुसऱ्या दिवशी सायली धुणं वाळत घालायला गच्चीवर गेली तर दुपारी बारा वाजता आई साडी गुडघ्यांपर्यंत वर घेऊन, बाह्या दुमडून उन्हात बसलेली.

"आई! किती वेळ बसलीस?"

"दीड तास. उजेड तो उजेड. याला तर कोणी कुलूप लावलेलं नाही ना?"

"अगं, कपाटात एकच पट्टा असतो, मोजून दोन मिनिटं. उन्हात सगळेच किरण असतात. भाजशील!"

भाजलीच. संध्याकाळपर्यंत नडग्या टोमॅटोसारख्या झाल्या, दुसऱ्या दिवशी फोड आले. आणि दहा दिवसांनी, जिथे जिथे कातडी भाजली होती तिथे तिथे नवे चट्टे उठले. पायाला ओरखडा जरी उठला तरी तिथे सोरायसिस उगवतो, हे प्रमिलाला पंचवीस वर्षं माहीत होतं. वैतागाच्या भरात ते विसरायला झालं. ती मोरीत बसून स्वतःवरच चिडून रडली. दाराबाहेर सायली उभी होती, अवघडलेली, पोटावर हात ठेवून. तिला आत जाता येईना आणि तिथून हलताही येईना.

त्याच आठवड्यात विहीणबाईंचा फोन आला. रोहिणीताई बोलायला गोड. "प्रमिलाताई, तुमच्या तब्येतीचं सायलीने सांगितलं. तुम्ही काळजी घ्या बरं का. बाळाच्या मालिशचं मी बघते, माझ्या ओळखीची बाई आहे. तुम्ही फक्त आराम करा. आणि… बाळाला उगाच लगेच घेऊ नका. तान्ह्याची कातडी नाजूक असते."

"हा रोग लागत नाही हो, रोहिणीताई."

"छे छे, मला माहिती आहे ना. तरी आपलं म्हटलं."

प्रमिलाने फोन ठेवला. साडेतीनशेच्या वर बाळं तिच्या मांडीवर तेल पिऊन गेली होती, आणि सख्ख्या नातवंडाला हात लावायला तिला दुसऱ्यांची परवानगी हवी होती. तिने समोरचं तेलाचं भांडं उचलून दाणकन ओट्यावर आपटलं.

सायलीने भांडं उचललं, सांडलेलं तेल पुसलं. मग म्हणाली, "आई, ते यंत्र पट्टीवरच्या पेशी कुणाच्या आहेत हे ओळखतं का?"

"मला काय माहीत?"

"नाही ओळखत. मी काल वाचलं. माणसाची ओळख पटेल एवढा भाग वाचायला कायद्याने बंदी आहे, खासगीपणा जपायला. ते फक्त बिघाड मोजतं." तिने आपला दंड पुढे केला. तिशीतला, नितळ, कधी फारसं ऊन न पाहिलेला. "माझी पट्टी लाव."

"वेडी झालीस का?"

"तुझे डॉक्टरच म्हणतात ना की ही मर्यादा आपली नाहीच? आपण कुणाला फसवतोय? जे खोटं आहे त्यालाच ना?"

प्रमिला दोन दिवस नाही म्हणाली. तिसऱ्या दिवशी आंघोळ झाल्यावर तिनेच पट्टी फोडून लेकीच्या दंडावर चिकटवली.

फेरमोजणीसाठी दिलेल्या त्या पट्टीचा आकडा पडद्यावर आला : नऊ. शबानाने तो पाहिला, मग प्रमिलाकडे पाहिलं. चौसष्टचे नऊ झालेले तिने कधी पाहिले नव्हते. पडद्याने मात्र आपणच खुलासा शोधला : 'आधीच्या मोजणीत त्रुटी असण्याची शक्यता. उपचार पूर्ववत.' नळ्या उजळल्या.

"अल्ला जाणे, मावशी," शबाना एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या पट्ट्याही लेकीच्याच दंडाच्या गेल्या. दोन महिन्यांत तळहात मिटले, कोपर साफ झाले, नडग्यांवरचे चट्टे एकेक करून विरले. माघात सायलीला मुलगी झाली. विहीणबाई आल्या, त्यांनी प्रमिलाचे हात उलटसुलट करून पाहिले, अगदी बाजारात वांगी पाहावीत तसे, आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. प्रमिलाला त्यांचा राग आला होता, पण मांडीवरच्या त्या इवल्या पाठीवरून तिळाच्या तेलाचा हात फिरला तसा तो कुठल्या कुठे गेला. सव्वा महिना तिने दुसरं काम घेतलं नाही. बाळाला पायांवर आडवं घालून ती बोलायची, "हे तुझ्या आजीचे हात बरं का. कुलूपवाल्यांच्या नाकावर टिच्चून."

त्याच पायांवर, उजव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला, रुपयाएवढा एक चट्टा होता. सगळे गेले, हा गेला नाही. लालसर, सपाट, कडेला किंचित खवले. बाळाची टाच त्याला लागली की थोडं रक्त यायचं. प्रमिला आठवडाभर त्यावर मलम लावत राहिली. मग केंद्रात गेली.

मेढेकरांनी भिंग लावून पाहिलं. क्षणभर त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी पडद्यावर तिची माहिती उघडली आणि आठी गेली.

"नऊ! गेल्या तिन्ही वेळा नऊ, दहा, नऊ. मग काही चिंता नाही. हा तुमचा नेहमीचाच हट्टी चट्टा. मलम बदलून देतो, सहा महिन्यांनी बघू."

"म्हणजे… आकडा मोठा असता तर?"

"तर आजच तुकडा काढून तपासायला पाठवला असता. असे चट्टे दिसायला सोरायसिससारखेच असतात, पण कधी कधी आत कर्करोगाची पहिली पायरी असते. तुमच्या बाबतीत तो प्रश्नच नाही."

प्रमिला मलमाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. रिक्षा स्टँडपर्यंत गेली आणि तिथेच कठड्यावर बसली. संताप नक्की कोणावर करावा हेच तिला कळेना. मर्यादेला नावं ठेवणारे डॉक्टर आकडा पाहून निर्धास्त झाले होते. आणि तो आकडा तिच्या लेकीच्या दंडाचा होता.

घरी सांगितल्यावर सायलीचा चेहरा पांढरा पडला.

"पुण्याला जाऊ. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू."

"तिथेही नोंद हीच दिसणार. तेही नऊच बघणार. आणि नवी पट्टी मागितली तर माझी देऊन चौसष्ट दाखवू? मग हे नऊ कुणाचे, ते विचारणारच."

"मग विचारू देत! मी सांगते, माझी होती म्हणून."

"तुझी नोकरी प्रयोगशाळेतली. खोटा नमुना दिला म्हटल्यावर ठेवतील तुला?" प्रमिलाचा आवाज चढला. "आणि केंद्राचं काय? त्यांच्या नाकाखाली हे झालं म्हणून कपाटाला सील ठोकतील. चाळीस माणसं येतात तिथे, सायली. त्या चाळिसांनी काय पाप केलंय?"

"आणि तू काय पाप केलंयस?" सायली रडायलाच लागली. "मीच दिली ना पट्टी? मला वाटलं फक्त कुलूप उघडेल. ते यंत्र नंतर तुझी काळजीच करणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही, आई."

बाळ जागं झालं. प्रमिलाने त्याला उचललं आणि लेकीच्या मांडीवर दिलं. "पाज तिला. रडत बसू नकोस, दूध आटेल." मग पायात चप्पल सरकवून ती निघाली.

मेढेकरांच्या टेबलासमोर उभं राहून तिने एका दमात सांगितलं. बसली नाही. पट्टी दुसऱ्याची होती, कुणाची ते विचारू नका, शबानाला काही माहीत नाही, दोष माझा.

डॉक्टर आधी ऐकत राहिले. मग उठले, खिडकीपर्यंत गेले आणि वळले. "प्रमिलाबाई, मी तुम्हाला सहा महिने घरी पाठवत होतो. सहा महिने! कळतंय का तुम्हाला? हे खोलवर गेलं असतं तर?"

"कळतंय म्हणून तर आले."

"आता मी काय करू? खरं लिहिलं तर केंद्र बंद. खोटं लिहिलं तर मी डॉक्टर कसला?"

"तुम्हीच म्हणाला होतात, साठचा आकडा आपला नाही."

"आपला नाही म्हणालो. खोटा आहे असं नव्हतो म्हणालो!" त्यांनी टेबलावर हात आपटला, मग स्वतःच दचकले. खुर्चीत बसत म्हणाले, "आणि मीही काय केलं? भिंगातून मला शंका आली होती. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडून मी पडद्याकडे पाहिलं."

त्याच दुपारी त्यांनी चट्ट्याचा तुकडा काढला, प्रमिलाची खरी पट्टी घेतली आणि मंडळाला सगळं खरं लिहून पाठवलं. पट्टीचा आकडा आला एकाहत्तर. तुकड्यात कर्करोगाच्या पेशी होत्या, पण वरच्याच थरात. मुळं खाली उतरली नव्हती. आठ दिवसांत मोठ्या रुग्णालयात तो भाग पूर्ण कापून काढला, मांडीची कातडी तिथे लावली. कशाने झालं असावं? विशीतल्या गोळ्यांनी, कपाटाने, की गच्चीवरच्या दीड तासाने? मेढेकर म्हणाले, छातीठोकपणे कोणीच सांगू शकणार नाही.

केंद्राच्या कपाटाला सील लागलं. चौकशी होईपर्यंत सात आठवडे. प्रमिला टाके काढायला गेली त्या दिवशी फाटकाशी शिरसाठ उभे होते, त्याच कपाटात उजेड घ्यायला येणारे. पूर्वी बस चालवायचे, आता सत्तरीचे. पाठ आणि मान सोरायसिसने सोललेली, शर्टाला चिकटणारी.

"तुमच्यामुळे," ते म्हणाले. "माझा आकडा बावीस होता. बावीस! मला का शिक्षा?"

ती लंगडत आत गेली.

चौकशीच्या वेळी पडद्यावर तिघं जण होते. मधल्या बाईंनी विचारलं, आपल्याला काही सांगायचं आहे का? प्रमिलाने रात्रंदिवस मनात घोकलेलं सगळं त्या क्षणी विस्कटलं. ती एवढंच बोलू शकली : "तुमच्या यंत्राने मला नुसतं सांगितलं असतं ना, की बाई गं, तुझा आकडा वाढलाय, डॉक्टरांना दर महिन्याला अंग दाखव, तर मी दाखवलं असतं. तुम्ही दार लावलंत, म्हणून मी चोरवाट धरली. चूक माझीच. पण दार लावणाऱ्याने चोरवाटेचा विचार करायला नको?"

डावीकडच्या माणसाने काहीतरी टिपलं. "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." पडदा काळा झाला.

शिक्षा किरकोळ झाली, ताकीद आणि तिच्यापुरतं कपाट कायमचं बंद. लेकीचं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही. सायली तीन महिन्यांचं बाळ घेऊन पुण्याला गेली. पाऊस सरेपर्यंत प्रमिलाच्या तळहातांना पुन्हा भेगा पडल्या. मर्यादा साठच राहिली.

दसऱ्यानंतर मेढेकरांनी तिला बोलावलं. टेबलावर पट्ट्यांची खोकी रचलेली होती.

"मंडळ पुरावा मागतं ना? देऊ. नाशिक जिल्ह्यातल्या सावळ्या कातडीच्या दोन हजार लोकांची दर सहा महिन्यांनी मोजणी, सोबत प्रत्यक्ष तपासणी. मंजुरी आली आहे. पण लोक पट्टी लावून घेत नाहीत. त्यांना वाटतं आकडा वाढला की उपचार बंद होईल. या मोजणीचा आकडा कपाटाला जोडलेला नाही, हे त्यांना कोणी पटवायचं?"

"किती वर्षं लागतील?"

"पाच. कमीत कमी."

पाच वर्षं. प्रमिलाला हसूही आलं आणि चीडही. पाच वर्षं हे हात असेच फुटलेले राहणार. तिने आधी आपली बाही वर केली, पट्टी लावून घेतली आणि मग एक खोकं काखोटीला मारलं. नाशिकमधली घरं तिला ठाऊक होती. कुठल्या घरात कोण कोपर झाकून बसतं, कोण उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालतं, हे मालिशवालीइतकं कोणाला माहीत असतं? काहींनी पाणी देऊन वाटेला लावलं, काहींनी दारच उघडलं नाही. एकीने विचारलं, मावशी, तुमचेच हात असे, तुमचं कोण ऐकणार? तिने उत्तर दिलं, "म्हणूनच ऐका."

शिरसाठांच्या घरी ती तिसऱ्यांदा गेली तेव्हा ते दारातच उभे राहिले. पहिल्या दोन वेळी त्यांनी दार लोटून घेतलं होतं.

"मी सत्तरीचा माणूस. पाच वर्षांनी असेन की नसेन. मला काय फायदा?"

"तुम्हाला नाही. मलाही नाही."

"मग कशाला वणवण करता?"

प्रमिलाने खोकं खाली ठेवलं. पाय दुखत होता, नडगीवरची लावलेली कातडी चालताना ओढायची. "माझा संताप जात नाही, शिरसाठ. घरात बसले तर भांडी आपटते. त्यापेक्षा हे बरं."

शिरसाठ तिच्याकडे बघत राहिले. तिच्या हातांकडे, मग खोक्याकडे. मग तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपर लाल, खवल्यांनी भरलेलं. त्याच्या वर चार बोटं मोकळी जागा होती. प्रमिलाने ती कोरड्या फडक्याने पुसली आणि पट्टी अलगद चिकटवून कडा दाबल्या.

"चार तास ठेवायची ना? मग चार तास इथेच बसणार की काय?"

"नाही हो," खोकं उचलत प्रमिला म्हणाली. "अजून अकरा घरं आहेत."